भायखळा-परळ, १९३७: एका मतदारसंघाचे गणित

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघातून निवडून आले आणि १९५२ साली 'मुंबई शहर उत्तर'मधून हरले, ही दोन वाक्ये बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असतात. मधला भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. काँग्रेसची लाट, स्वातंत्र्यानंतरचे वातावरण, कम्युनिस्टांशी असलेले वैर ही कारणे पुढे केली जातात आणि ती खरीही आहेत. पण मधल्या पंधरा वर्षांत आणखी एक गोष्ट बदलली होती: मत कसे द्यायचे आणि कसे मोजायचे याचा नियम. १९३७ चा नियम संख्येने कमी पण एकजूट असलेल्या गटाच्या पथ्यावर पडणारा होता. १९५२ चा तसा नव्हता. भायखळा-परळचा इतिहास कळायचा असेल तर आधी हा नियम कळला पाहिजे, म्हणून इथे जास्त शब्द त्यावरच खर्च केले आहेत.

हद्द नेमकी कुठली

मुंबई महापालिकेने शहराचे ए ते जी असे वॉर्ड पाडले होते. निवडणुकीच्या हद्दीही याच वॉर्डांच्या भाषेत बोलल्या जात. भायखळा-परळ म्हणजे ढोबळ मानाने ई आणि एफ वॉर्ड. ई मध्ये भायखळा, माझगाव, नागपाडा, कामाठीपुरा, ताडवाडी. एफ मध्ये परळ, शिवडी, नायगाव आणि उत्तरेला थेट माटुंगा-शीवपर्यंतचा पट्टा. आज एफ वॉर्डाचे दक्षिण आणि उत्तर असे दोन तुकडे आहेत, आणि आजच्या भायखळा विधानसभा मतदारसंघाच्या हद्दीचा १९३७ च्या हद्दीशी मेळ बसत नाही. जुना निकाल आजच्या नकाशावर ठेवून 'इथल्या मतदारांनी असा कौल दिला' असे कोणी लिहिले की तिथेच पहिली चूक होते.

हा भाग कष्टकऱ्यांचा. पूर्वेला माझगाव-शिवडीची गोदी आणि कापसाची कोठारे, मध्ये गिरण्या, परळ-माटुंग्याला रेल्वेचे कारखाने. नायगाव आणि शिवडीला १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळी, तर परळच्या पोयबावडीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, म्हणजे बीआयटी चाळी. या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेब कुटुंबासह वीसेक वर्षे राहिले. त्यांचे कार्यालय परळच्याच दामोदर हॉलमध्ये होते. ते दादरच्या राजगृहात गेले ते १९३० च्या दशकात. म्हणजे १९३७ साली त्यांनी लढायला निवडलेला भाग त्यांच्या रोजच्या पायाखालचा होता.

गिरणीतही जातीची भिंत होती, आणि ती उमेदवारीच्या राजकारणात थेट उतरली. विणाई खात्यात धोट्यातला (शटलमधला) धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्य कामगाराच्या ओठाला लागलेला धोटा आपण कसा घ्यायचा, या सबबीवर विणाई खाते त्यांना बंद होते. पगार चांगला होता तो विणाईतच. त्यांच्या वाट्याला कमी पगाराची सूत खात्यातली कामे येत. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी पक्ष काढला त्याचे नाव 'स्वतंत्र मजूर पक्ष' असे ठेवले, त्यामागे गिरणगावचा हा अनुभव होता.

एकाच गल्लीत पाच-सहा मतदारसंघ

आज आपण मतदारसंघ म्हणजे नकाशावरचा एक तुकडा समजतो. त्या तुकड्यात राहणारा प्रत्येक मतदार एकाच यादीत असतो. १९३७ साली असे नव्हते. 'भायखळा-परळ' हा 'सर्वसाधारण' मतदारसंघ होता, आणि सर्वसाधारण म्हणजे सगळ्यांचा नव्हे. मुसलमान, भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि युरोपियन यांना वेगळे काढल्यावर जे उरत ते सर्वसाधारण. त्यात हिंदू आले, अस्पृश्य आले, पारशी आले.

नागपाड्याच्या एका रस्त्यावरची तीन घरे डोळ्यांसमोर आणा. मुसलमान विणकराचे नाव मुस्लिम मतदारसंघाच्या यादीत, त्याला भायखळा-परळच्या उमेदवाराला मत देता येत नाही. शेजारच्या गोवेकर ख्रिस्ती कारकुनाचे नाव भारतीय ख्रिस्ती यादीत. पलीकडचा मराठी गिरणी कामगार सर्वसाधारण यादीत. रस्ता एक, पाणी भरायचा नळ एक, पण प्रतिनिधी तीन. शिवाय याच जमिनीवर कामगारांसाठी, स्त्रियांसाठी, विद्यापीठासाठी, व्यापारी संघटनांसाठी वेगळे मतदारसंघ पसरलेले होते. मिलमालक संघाला किंवा बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सला स्वतःचा आमदार निवडता येई.

१९३५ च्या कायद्याप्रमाणे मुंबई प्रांताच्या विधानसभेत एकूण १७५ जागा होत्या. त्यांची वाटणी अशी: सर्वसाधारण ११४, त्यांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी आणि ७ मराठा समाजासाठी राखून ठेवलेल्या, मुस्लिम २९, कामगार ७, व्यापार-उद्योग ७, स्त्रिया ६, म्हणजे ५ सर्वसाधारण आणि १ मुस्लिम, युरोपियन ३, भारतीय ख्रिस्ती ३, अँग्लो-इंडियन २, जमीनदार २, विद्यापीठ १, मागास भाग व आदिवासी १. सिंध १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा झाल्यामुळे या आकड्यांत तो नाही. गुजरात आणि धारवाड-बेळगाव-विजापूर-कारवार आहेत, विदर्भ आणि मराठवाडा नाहीत. '१९३७ च्या महाराष्ट्राच्या निवडणुका' असे कोणी म्हणाले तर विचारावे, कुठला महाराष्ट्र?

मत कोणाला होते

एकवीस वर्षे पूर्ण झाली की मत, ही सोय तेव्हा नव्हती. मालमत्ता, शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर, शिक्षण यांपैकी काहीतरी दाखवावे लागे. खेड्यात बहुतेकांचे मत शेतसाऱ्यावर ठरे, मुंबईसारख्या शहरात घरभाड्यावर. १९१९ च्या सुधारणांनंतर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या साधारण ३ टक्के लोकांना मत होते. १९३५ च्या कायद्याने अटी खाली आणल्यावर हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास गेले आणि मतदार तीन कोटींच्या घरात पोचले.

भाड्याच्या अटीचा गिरणगावात होणारा परिणाम लक्षात घ्या. चाळीतली खोली एकाच्या नावावर, राहणारे गावाकडचे दहा-बारा गडी. ज्याच्या नावे भाडेपावती तो मतदार होण्याची शक्यता. पथारी टाकून राहणाऱ्या बाकीच्यांना यादीत जागा मिळणे अवघड. स्त्रियांपैकी साक्षर असलेल्यांना किंवा नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारे पात्र ठरणाऱ्यांना मत मिळे. अस्पृश्य समाजासाठी अटी मुद्दाम सैल केल्या होत्या: नुसती साक्षरता पुरे होती, आणि गावचे कनिष्ठ वतनी काम करणाऱ्यालाही मत होते. ही सवलत नसती तर राखीव जागा कागदावर राहिली असती, कारण तिला निवडून देणारे मतदारच यादीत दिसले नसते.

राखीव जागा आली कुठून

याआधीचा काळ झटकन उरकू. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात सरकारने नेमलेले हिंदी सभासद आले. जगन्नाथ शंकरशेट त्यांतले. १८९२ च्या कायद्याने महापालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ, सरदार अशा संस्थांना नावे सुचवण्याचा हक्क मिळाला. फिरोजशहा मेहता महापालिकेकडून गेले, लोकमान्य टिळक १८९५ साली मध्य विभागाच्या लोकल बोर्डांकडून. १९०९ साली मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मिळाले. १९१९ नंतर प्रथमच मोठ्या संख्येने थेट निवडणूक आली. तेव्हा मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखल्या गेल्या आणि त्या संयुक्त मतदारसंघात होत्या: उमेदवार राखीव गटातला, मतदार सगळे. राखीव जागा आणि संयुक्त मतदान ही जोडी पुणे कराराच्या बारा वर्षे आधी आपल्याकडे चालू होती, हे फारसे सांगितले जात नाही. त्या काळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी मात्र सरकार नेमत असे. बाबासाहेब १९२७ पासून कायदेमंडळात बसले ते असे नामनियुक्त म्हणून.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना ७१ विशेष जागा होत्या, मुंबईत १०. या जागांवर फक्त अस्पृश्य मतदार मत देणार, आणि शिवाय सर्वसाधारण जागेसाठीही त्यांचे मत राहणार, म्हणजे दोन मते. गांधीजींच्या येरवड्यातल्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. जागा ७१ वरून १४८ झाल्या, मुंबईच्या १० वरून १५. पण विभक्त मतदारसंघ गेला. आता राखीव जागेवरचा उमेदवार सगळ्या सर्वसाधारण मतदारांच्या मतांनी निवडून येणार होता.

करारात एक तडजोड होती ती प्राथमिक निवडणुकीची. मतदारसंघातल्या फक्त अस्पृश्य मतदारांनी आधी एकेक मत देऊन चार जणांचे पॅनेल निवडायचे, आणि अंतिम निवडणूक त्या चौघांतच व्हायची. चार किंवा कमी अर्ज आले तर ही फेरी होत नसे. कागदावर हे ठीक वाटते. अडचण पॅनेलच्या संख्येत होती. पहिल्या फेरीत ज्याला अस्पृश्य मतदारांनी भरभरून मते दिली तोही पॅनेलमध्ये, आणि जो जेमतेम मते मिळवून चौथा आला तोही पॅनेलमध्ये. दुसऱ्या फेरीत सवर्ण मतदारांनी चौथ्याला उचलून धरले की पहिला घरी. बाबासाहेबांनी पुढे पुणे करारावर जी कडक टीका केली तिचा गाभा हाच होता.

या दुसऱ्या फेरीत अस्पृश्य मतदारांच्या हातात काही वजन उरणार का, हे मत देण्याच्या पद्धतीवर ठरणार होते.

एकवट मताचे गणित

राखीव जागा असलेले मतदारसंघ एकाहून जास्त जागांचे होते. भायखळा-परळही तसाच. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला. ही मते कशी वापरायची याच्या दोन पद्धती चर्चेत होत्या. एकीत प्रत्येक मत वेगळ्या उमेदवाराला द्यावे लागे. हिला वाटून द्यायचे मत म्हणू. दुसरीत हवी तर सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. हिला क्युम्युलेटिव्ह म्हणत, आपण एकवट मत म्हणू. सर लॉरी हॅमंड यांच्या अध्यक्षतेखालच्या मतदारसंघ आखणी समितीपुढे हा वाद आला आणि मुंबई प्रांतात एकवट मत लागू झाले.

फरक किती पडतो हे एका काल्पनिक मतदारसंघावर करून पाहा. जागा ३, त्यांतली १ राखीव. मतदार ३०,०००. त्यांत ९,००० जणांचा एक एकजूट गट, बाकीचे २१,००० दुसऱ्या बाजूचे. प्रत्येकाला ३ मते.

वाटून द्यायचे मत असेल तर ९,००० जण आपल्या राखीव उमेदवाराला जास्तीत जास्त ९,००० मते देऊ शकतात. त्यांची उरलेली मते त्याच्या काही कामाची नाहीत. समोरचे २१,००० जण आपल्या दोन सर्वसाधारण उमेदवारांना एकेक मत देतात आणि तिसरे मत आपल्या पसंतीच्या राखीव उमेदवाराला. त्याची २१,००० मते होतात. राखीव जागा गेली, तीही १२,००० मतांच्या फरकाने. बहुसंख्यांना यासाठी काही सोडावेही लागले नाही. तिसरे मत त्यांच्याकडे फुकटचेच होते.

आता एकवट मत घ्या. ९,००० जण तिन्ही मते एकालाच देतात: २७,०००. समोरच्यांकडे एकूण ६३,००० मते. राखीव जागा हिसकायची तर त्यांना आपल्या राखीव उमेदवारावर किमान २७,००१ मते ओतावी लागतील. मग उरतात ३५,९९९. ती दोन सर्वसाधारण उमेदवारांत वाटली तर प्रत्येकी साधारण १८,०००. पण राखीव जागेवर हरलेला २७,००० मतांचा उमेदवार अजून शर्यतीत आहे, कारण राखीव गटातल्या उमेदवाराला सर्वसाधारण जागाही जिंकता येते. त्याची मते १८,००० पेक्षा जास्त, म्हणून तो सर्वसाधारण जागेवर निवडून येतो! बहुसंख्यांनी कसेही वाटप केले तरी या गटाची एक जागा जात नाही.

याचा साधा ठोकताळा असा: जागांच्या संख्येत एक मिळवा आणि एकूण मतदारांना त्या आकड्याने भागा. तीन जागांना चौथा हिस्सा, म्हणजे ३०,००० त ७,५००. गट त्याहून मोठा असेल आणि मते फुटू दिली नाहीत, तर एक जागा पक्की. चार जागांना पाचवा हिस्सा पुरतो. जागा जितक्या जास्त तितका उंबरठा खाली.

ही पद्धत फसते कुठे, तेही पाहू. पहिले म्हणजे शिस्त. ९,००० पैकी ३,००० जणांनी एकेक मत दुसऱ्या कोणाला दिले की २७,००० चे २४,००० होतात. म्हणून 'सगळी मते एकालाच' हा निरोप चाळीचाळीत, खोलीखोलीत पोचवणारे कार्यकर्ते लागतात. दुसरे म्हणजे वस्ती. गट एका जागी दाटीने राहत असेल तर चौथा-पाचवा हिस्सा गाठता येतो. तालुकाभर विखुरलेल्या, गावाबाहेरच्या चार-चार घरांना तो गाठता येत नाही. तिसरे म्हणजे गटातच दोन उमेदवार. एकवट मतात फाटाफूट जास्त महाग पडते, कारण एक मतदार गेला की एका फटक्यात तीन मते जातात.

फेब्रुवारी १९३७

भायखळा-परळच्या राखीव जागेवर काँग्रेसने उभे केलेले नाव सामान्य नव्हते. पाळवणकर बाळू हे त्या काळातले हिंदुस्थानचे थोर डावखुरे फिरकी गोलंदाज. चांभार समाजात जन्मलेले बाळू पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना जातीपायी कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींतही बाळूंचा सहभाग होता. अस्पृश्य समाजातला, साऱ्या मुंबईला ठाऊक असलेला, सवर्ण मतदारालाही आदर वाटेल असा माणूस काँग्रेसने बाबासाहेबांसमोर आणला, यात निवडणुकीचे गणित उघड दिसते.

निकाल लागला तो असा: आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

इथे जुने आकडे वाचणारे हमखास घसरतात. १३,२४५ ही मते आहेत, माणसे नव्हेत. एकवट मतात एका समर्थकाची अनेक मते एकाच नावापुढे जमा होतात, त्यामुळे मत देणारी माणसे याहून पुष्कळ कमी असू शकतात. उलट बाळूंच्या ११,२२५ मतांत काँग्रेसच्या सर्वसाधारण उमेदवारांबरोबर वाटून दिलेली मते असण्याची शक्यता अधिक. म्हणून या दोन आकड्यांवरून 'किती लोक कोणाच्या मागे होते' हे काढता येत नाही. एवढेच सांगता येते की बाबासाहेबांच्या मागचा गट एकजूट राहिला आणि नियमाने त्या एकजुटीची किंमत केली.

प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले होते, त्यांतले बहुतेक निवडून आले. आधी धनजीशा कूपर यांचे अल्पजीवी मंत्रिमंडळ आले, मग जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे. भायखळा-परळच्या आमदाराने सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले, त्यात संपाच्या हक्कावर मर्यादा होत्या. सभागृहात बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. १९२८ साली धोट्याच्या प्रश्नावर दुरावलेले दोन प्रवाह त्या दिवशी गिरणगावात एकत्र होते. या मतदारसंघाच्या आयुष्यातला हा सर्वांत तेजस्वी दिवस, असे मला वाटते. निवडून येण्यापेक्षाही मोठा.

मग काय बदलले

युद्धामुळे विधानसभेची मुदत वाढत गेली आणि पुढची निवडणूक १९४६ साली झाली. स्वतंत्र मजूर पक्षाची जागा १९४२ पासून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली होती. १९४६ ला मुंबई प्रांतात फेडरेशनचा धुव्वा उडाला. प्राथमिक फेरीत जोर दाखवणारे उमेदवार अंतिम फेरीत काँग्रेसच्या राखीव उमेदवारांकडून पडत, ही फेडरेशनची मोठी तक्रार होती. एकजूट गटालाही उंबरठ्याएवढी संख्या लागतेच. विरुद्ध बाजूला लाट असेल आणि संख्या अपुरी असेल तर कुठलीच पद्धत तारत नाही. बाबासाहेब संविधान सभेत पहिल्यांदा गेले ते याच कारणाने बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथल्या आमदारांच्या पाठिंब्यावर.

स्वातंत्र्यानंतर विभक्त मतदारसंघ गेले, प्रौढ मताधिकार आला, मिलमालकांचा आमदार गेला. हे सारे उत्तम झाले, यात वाद नाही. त्याच वेळी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६३ ने एक नियम केला, त्याकडे कमी लोकांचे लक्ष गेले. जितक्या जागा तितकी मते, पण एका उमेदवाराला एकाहून जास्त मत द्यायचे नाही. दिलेच तर एक धरायचे, बाकीची रद्द. एकवट मत संपले आणि वाटून द्यायचे मत आले.

पहिल्या लोकसभेला देशात ४०१ मतदारसंघ होते. त्यांपैकी ८६ दोन जागांचे आणि एक तीन जागांचा. 'मुंबई शहर उत्तर' दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे; मतदार कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत टाकी. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने अशा लाखो लोखंडी पेट्या बनवल्या होत्या. दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराच्या हाती दोन पत्रिका येत आणि त्या दोन वेगळ्या पेट्यांत पडणे आवश्यक होते.

जानेवारी १९५२ चा निकाल: काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी १,४९,१३८, समाजवादी अशोक मेहता १,३९,७४१, काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६, कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे ९६,७५५. निवडून आले गांधी आणि काजरोळकर. अशोक मेहतांची मते काजरोळकरांपेक्षा १,६०४ ने जास्त होती, तरी ते हरले, कारण दुसरी जागा राखीव होती आणि राखीव उमेदवारांत काजरोळकर पुढे होते. ज्यांना हा नियम ठाऊक नसतो त्यांना यात गडबड दिसते, ती नाही.

बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले. आता रद्द मते बघा. त्यांनी आणि अशोक मेहतांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला त्यात ७४,३३३ मते बाद झाल्याचा मुद्दा होता. दोन्ही मते एकालाच देऊन दुसरे वाया घालवा, असा प्रचार डांग्यांच्या बाजूने झाल्याचा आरोप होता. निकाल बदलला नाही. १९३७ साली जी गोष्ट कायदेशीर होती आणि दुर्बळ गटाला बळ देत होती, तीच १९५२ साली एक मत कचऱ्यात टाकणारी ठरली.

दोन वर्षांनी, १९५४ साली, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत तोच पेच पुन्हा आला. तोही दोन जागांचा मतदारसंघ. वाटून द्यायच्या मतात राखीव उमेदवारापुढे एक पळवाट असते: समर्थकांनी त्याला एक मत द्यायचे आणि दुसरे कोणालाच द्यायचे नाही, म्हणजे दुसऱ्या उमेदवारांची बेरीज वाढत नाही. काही कार्यकर्त्यांना ती वापरायची होती. बाबासाहेबांनी नकार दिला. मिळालेले मत वाया घालवा असे मतदारांना सांगणे त्यांना मान्य नव्हते. अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर जिंकले, बाबासाहेब राखीव जागेवर काँग्रेसच्या बोरकरांकडून हरले.

दोन जागांच्या मतदारसंघांनी आणखी एक झटका दिला तो १९५७ साली आंध्रच्या पार्वतीपुरममध्ये. तिथे अनुसूचित जमातीचे दोन्ही उमेदवार सर्वाधिक मते घेऊन निवडून आले, एक राखीव जागेवर आणि दुसरा सर्वसाधारण जागेवर. हरलेले व्ही. व्ही. गिरी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५९ साली न्यायालयाने सांगितले की राखीव गटातल्या उमेदवाराला सर्वसाधारण जागा जिंकण्याचा पूर्ण हक्क आहे. वरच्या काल्पनिक उदाहरणात २७,००० मतांचा उमेदवार सर्वसाधारण जागेवर आला, ते हेच तत्त्व. १९६१ साली संसदेने कायदा करून दोन जागांचे मतदारसंघ तोडले. तेव्हापासून राखीव मतदारसंघ वेगळा, सर्वसाधारण वेगळा, प्रत्येक मतदाराला एकच मत, आणि एकवट की वाटून हा प्रश्नच उरला नाही.

जुने निकाल वाचणाऱ्यांसाठी

भायखळा-परळ असो की १९३७ चा कुठलाही मतदारसंघ, आकडा हाती आला की आधी मतदारसंघाचा प्रकार पाहा: सर्वसाधारण, मुस्लिम, कामगार, व्यापार. मग जागा किती आणि राखीव किती. मग मतदान एकवट की वाटून. हे तीन कळल्याशिवाय टक्केवारी काढू नका. एकाहून जास्त जागांच्या मतदारसंघात पडलेली मते मतदारांच्या दुप्पट-चौपट असू शकतात, त्यामुळे एकूण मतांना यादीतल्या मतदारांनी भागून 'मतदान १८० टक्के' असले अचाट आकडे निघतात.

'बिनविरोध' लिहिलेल्या राखीव जागांकडेही नीट पाहावे. अंतिम फेरी बिनविरोध झाली म्हणजे चुरस नव्हती असे ठरत नाही. खरी लढत कधी प्राथमिक फेरीत होऊन गेलेली असे. आणि १९३७ च्या १३,२४५ ची तुलना १९५२ च्या १,२३,५७६ शी करू नका. पहिला आकडा भाडे-सारा भरणाऱ्या मोजक्या मतदारांचा, दोन वॉर्डांचा, एकवट मतांचा. दुसरा प्रौढ मताधिकाराचा, कितीतरी मोठ्या भूभागाचा आणि एका उमेदवाराला माणशी एकाच मताचा.